पोरीच्या नकाशातलं बावखल

माझी मुलगी पुण्याला जाऊन शहरं कशी आखायची ते शिकली. त्या शिक्षणात तिला सगळ्यात मोठा दगा मी दिला, तिच्या बापाने. मी सातवीपर्यंत शिकलोय, गोल गोल लिहायला मला येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. बायको जाऊन दीड वर्ष झालं. ती होती तोवर हे लिहायची गरज नव्हती. ती दिवसातून एकदा तरी नुसत्या नजरेने मला ते वाचून दाखवायची.

भुईगावात आमची वाडी. नारळ, केळी, थोडी पानवेल, बांधाला अबोली. घरामागे बावखल. वसईबाहेरच्या माणसाला बावखल कळायचं नाही, वाडवडिलांनी वाडीत खणलेलं तळं म्हणा. समुद्र हाकेवर, पण बावखलाचं पाणी गोड. पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांचं पाणी उतरून त्यात येतं आणि पुढे वर्षभर तेच वाडीला पाजायचं. पूर्वी रहाटाने, नंतर पंपाने. आमच्या बावखलाला दगडी पायऱ्या होत्या, वर करंज वाकलेला. बायकोचा अर्धा दिवस त्या पायऱ्यांवर जायचा. झावळ्या भिजत घालायच्या, कपडे धुवायचे, बदकांना हाका मारायच्या. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत पाणी आणायची रीत आहे. माझ्या लग्नाचं पाणी त्याच बावखलातून काढलेलं.

बायको भातशेतीच्या गावची. पाण्याला पानी म्हणायची. तीस वर्षं मी तिची नक्कल केली, पाहुण्यांसमोरसुद्धा. ती हसायची. आता वाटतं, हसायची नाही, नुसते दात दाखवायची.

मुलगी एकुलती. इंजिनियर झाली तेव्हा मी चर्चमध्ये आभाराची मिस्सा ठेवली, गावाला जेवण घातलं. मला वाटलं, आता ही वसई स्टेशनच्या पूर्वेला एखाद्या बिल्डरकडे लागेल. एव्हरशाईन सिटीत तेव्हा एका इमारतीचा रंग वाळायच्या आत दुसरी उभी राहत होती. पण हिने पुण्याच्या कॉलेजात नगररचनेला नाव घातलं. मी विचारलं, म्हणजे काय बांधणार? म्हणाली, बांधणार नाही, कुठे बांधायचं आणि कुठे नाही ते ठरवायला शिकणार. मी चर्चच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगितलं की माझ्या पोरीने चार वर्षं घरं बांधायला शिकण्यात घालवली, आता दोन वर्षं घरं न बांधायला शिकतेय. लोक हसले. ती मागेच उभी होती.

सुट्टीत यायची ती कागदाच्या गुंडाळ्या आणि रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन. पिवळा म्हणजे घरं, लाल म्हणजे शाळा, चर्च, दवाखाना, हिरवा म्हणजे शेती आणि वाड्या, निळा म्हणजे पाणी. मी म्हणायचो, हे तर बालवाडीत फुकट शिकवतात. बायको मात्र बाजूला बसून कागदाची टोकं दाबून धरायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

शेवटच्या वर्षी तिला एक मोठं काम एकटीने करायचं होतं. त्यावरच पास की नापास, त्यावरच पुढची नोकरी. तिने विषय घेतला आमच्याच गावचं पाणी. कुठून येतं, कुठे साठतं, कुठे जातं. नाताळाला आली ती महिनाभर राहिली आणि गल्लीगल्लीतून फिरली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. उंच-सखल बघायची लाल-पांढरी पट्टी मीच धरून उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला बघून रस्ता देत होते.

त्याच दिवसांत बातमी पसरली की सरकार आमच्या भागाचा नवा आराखडा करतंय. झालं. पोरगी नगररचना शिकते, रोज मोजमाप करते, म्हणजे आराखडा हीच काढतेय, असं गावाने ठरवून टाकलं. आमच्या ओटीवर केळीचे लोंगर आले, अंडी आली. एक म्हातारा शेजारी तर तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “बाय, माझ्या तुकड्याला पिवळा मार हो. भावाच्या तुकड्याला हिरवाच ठेव, त्याला उगाच डोक्याला ताप नको.”

ती प्रत्येकाला सांगायची, काका, हा कॉलेजचा नकाशा आहे, परीक्षा झाली की कपाटात जाईल. लोक मान डोलवायचे आणि जाताना मला डोळा मारायचे. साहेबलोक असंच बोलतात म्हणायचे. माझाही तिच्यावर विश्वास बसला नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे, म्हणून सांगतो. मला खरोखर वाटत होतं की जिथे ती निळी पेन्सिल फिरवेल, तिथे पुढे कुणालाही वीट ठेवता येणार नाही.

आणि मला वीट ठेवायची होती. बावखल बुजवायचं आणि तिथे दोन मजली घर उठवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पूर्वेची माणसं टाइल्सवर चालतात आणि आम्ही अजून झावळ्या भिजवतो, याची मला लाज वाटायची.

एका दुपारी जेवताना मी तिला म्हटलं, आपलं बावखल नकाशात दाखवायचं नाही. ती म्हणाली, पप्पा, सगळ्या गावाचा उतार तिथेच येतो, ते गाळलं तर माझं कामच खोटं. मी म्हटलं, तुझं काम तुझ्या कॉलेजात. त्या कागदावर माझ्या जमिनीत निळा रंग दिसला, तर या घरात तुझं ताट नाही.

बायको भात वाढत होती. तिने एवढंच विचारलं, “मंग पानी जाईल कुठे?”

“पानी जाईल तुझ्या माहेरी,” मी तिच्याच आवाजात म्हटलं.

चार दिवसांनी पुण्याला जाताना पोरीने नकाशा उघडून दाखवला. बावखलाच्या जागी हिरवा रंग. मी तिला शाबास म्हटलं. ती नकाशा गुंडाळत राहिली, दोनदा सुटला तिच्या हातून.

मे महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानात तिचा फोन आला. परीक्षा होती. तिने नकाशावर पाण्याच्या उताराचे बाण काढले होते. सगळ्या वाड्यांतून निघालेले बाण आमच्या घरामागे येऊन थांबत होते आणि तिथे काहीच नव्हतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारलं, पाणी इथे येतं, मग जातं कुठे? माझ्या बायकोने भात वाढताना विचारलं तेच. पोरीने माझं नाव घेतलं नाही. परीक्षक म्हणाला, तू जागेवर गेलीच नाहीस, हॉस्टेलवर बसून रंगवलंस. हे सिद्ध झालं तर नापासावर भागणार नव्हतं, कॉलेजातूनच काढणार होते. तिच्या सरांनी मध्ये पडून सोमवारपर्यंत मुदत मागून घेतली. गावातलं कुणीतरी आणून उभं कर म्हणाले.

“पप्पा, तू ये,” ती म्हणाली. “एवढंच सांग की बावखल आहे, नि मी ते तुझ्या सांगण्यावरून गाळलं. बाकी मी बघते.”

मी विचारलं, तिथे सही घेतील? म्हणाली, घेतील बहुतेक. मी म्हटलं, माझ्या जमिनीत तळं आहे असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? यासाठी शिकवली तुला? आणि फोन ठेवला. दुकानदार बघत होता. त्याला म्हटलं, पुण्याला फार उकडतंय म्हणते.

घरी येऊन बायकोला सांगितलं, कारण फोन आला होता हे तिला कळणारच होतं. ती रविवारी पहाटेच्या मिस्सेला गेली, तिथून परस्पर डेपोत आणि पुण्याच्या एसटीत. दादरच्या फुलबाजारापलीकडे ती आयुष्यात एकटी गेली नव्हती. मिस्सेला निघताना दारातून म्हणाली होती, “भात झाकून ठेवलाय. बदकांना सोडा. मी पोरीकडे जाते.”

मी बदकांना सोडलं आणि गोखिवऱ्याला गेलो.

तिथे एक डंपरवाला ओळखीचा होता. पूर्वेला जुन्या चाळी पाडायचं काम त्याच्याकडे, आणि त्यातून निघालेलं राबीट कुठे टाकायचं ही त्याची रोजची डोकेदुखी. मी त्याला जागा दिली. आमची गल्ली अरुंद, डंपर आत यावा म्हणून मी कुंपण तोडलं, दोन माड आडवे केले. शेजारीण बांधावर येऊन म्हणाली, अरे, तिला येऊ तरी दे घरी. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या जमिनीत टाकतोय का?

रविवार दुपारपासून मंगळवार सकाळपर्यंत काम चाललं. चाळींच्या भिंती, चौकटी, फरशीचे तुकडे, कुणाच्या तरी न्हाणीघराच्या निळ्या टाइल्स. पाणी गुडघाभरच होतं, त्याचा चिखल होऊन वर आला. मरळ मासे त्या चिखलात तडफडू लागले. डंपरवाल्याने ते सिमेंटच्या गोणीत भरून नेले. काठावर चार बदकं ओरडत होती. मी त्यांच्यावर ढेकूळ फेकलं.

मंगळवारी दुपारी मायलेकी आल्या.

बायको फाटकापासूनच बोलत आली. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ओटीवर टेकली आणि सांगत सुटली. चार साहेबांसमोर तिला उभी केली होती. एकाने उठून स्वतःची खुर्ची दिली. त्यांनी मागितली नव्हती तरी हिने क्रूसाची खूण करून शपथ घेतली. बावखल किती लांब, किती खोल हे हिला आकड्यात येईना, म्हणून अंगावर हात ठेवून सांगितलं. मे महिन्यात इथवर, गुडघ्याला. पावसाळ्यात भात पोटरीला येतो तेव्हा इथवर, गळ्याला. पायऱ्या किती ते सांगितलं, कुठल्या पायरीवर कधी पाणी चढतं तेही सांगितलं. ती बोलत होती आणि साहेब लिहून घेत होते. “माझं बोलणं लिवून घेतलं त्यांनी,” ती मला दोनदा म्हणाली. पोरीला पंधरा दिवस मिळाले होते. बावखल मोजायचं, आधीचं चुकलं ते लिहून द्यायचं, नकाशा दुरुस्त करून आणायचा.

हे सगळं ती सांगत होती आणि मी तिला थांबवलं नाही. हूं हूं करत बसलो. माझा कान मागच्या दाराकडे होता. पोरगी पिशवी टाकून, पाणीसुद्धा न पिता, टेप घेऊन मागे गेली होती.

ती परत आली तेव्हा टेप बंदच होती. आईकडे तिने बघितलं नाही.

“पप्पा, तिने क्रूसाची शपथ घेतली रे तिथे.”

मी दोन दिवस एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. मला ते हुशारीचं वाटलं होतं. “आता तुझा पहिला नकाशाच खरा झाला,” मी म्हटलं. “कागदावर बावखल नाही, जमिनीवर पण नाही. तोच नेऊन दे.”

बायकोला समजायला वेळ लागला. तिने हातातला पेला खाली ठेवला, उठली, मागे गेली. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. आवाज आला तो बदकांना हाक मारायचा, रोजच्यासारखा. जराशाने तोही थांबला. संध्याकाळी तिने चारही बदकं शेजारणीला देऊन टाकली.

पोरगी गेली नाही. पंधरा दिवस राहिली आणि राबीट मोजलं. लांबी, रुंदी, कुठे किती उंच. शेजारच्या वाड्यांतलं पाणी आता कुठे तुंबेल, तेही काढलं. या घरात तुझं ताट नाही, असं मी म्हटलं होतं, म्हणून ती केळीच्या पानावर जेवली. मागच्या दाराच्या पायरीवर, राबिटाकडे तोंड करून. तिची आई पान धुऊन आणायची. मी आत ताटात जेवायचो. एकदा म्हटलं, पुरे झालं आता नाटक. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही.

जायच्या दिवशी तिने नकाशा ओटीवर पसरला. घरामागे करड्या रंगाच्या तिरप्या रेघा, आणि कोपऱ्यात प्रत्येक रंगाचा अर्थ लिहिलेला.

“वाच,” ती म्हणाली. “मोठ्याने वाच. आईला वाचता येत नाही.”

मी अडखळत वाचलं. पाणथळ जागेत नवा भराव, जमीनमालकाने टाकलेला.

“परत,” ती म्हणाली. मी परत वाचलं. बायको कागदाची टोकं दाबून बसली होती.

ती पास झाली. पहिला नकाशा खोटा होता हे तिने लिहून दिलं, त्याचे गुण कापले, पण कॉलेजात ठेवलं. त्याच कामावर तिला दूरच्या शहरात, दुसऱ्या राज्यात पहिली नोकरी लागली. तळी आणि नाले मोजायची. आमच्या बाजूचं काम तिने पुढे कधी घेतलं नाही. लग्नही तिकडेच केलं. आम्ही गेलो, तेव्हा पाणी आणायची रीत करायला बायकोने पिशवीतून बाटली काढली. शेजारणीच्या विहिरीचं पाणी. मला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

भराव दबायची, पैसे जमायची वाट बघण्यात काही वर्षं गेली, तोवर सरकारी आराखडा खरोखर लागला. मी कचेरीत जाऊन भिंतीवरचा नकाशा बघितला. आमचा अख्खा पट्टा हिरवा. बुजवलेलं, न बुजवलेलं, सगळं एकाच हिरव्यात. दोन मजले सोडा, तिथे गोठ्याला परवानगी मिळायची मारामार. मी तिथल्या कारकुनाला विचारलं, आमच्या मुलीचा नकाशा तुम्ही बघितला होता का, पुण्याच्या कॉलेजातला? तो बाजूच्याला म्हणाला, ऐक रे, काकांना ऐक. मग मला म्हणाला, “काका, कॉलेजची पोरं वर्षाला ढीगभर नकाशे काढतात. आमच्याकडे कशाला येतील?”

पोरीने हेच सांगितलं होतं. अंडी घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

भरावाची जमीन बसत गेली, तिच्यावर एरंड माजला. बोअर मारली, तर पंपाला खारं पाणी लागलं, पानवेल गेली. पावसाळ्यात शेजारणीच्या केळीत पाणी उभं राहतं आणि ती बांधावरून माझा उद्धार करते. तिचं बरोबर आहे.

बायकोला साखर होती, शेवटी पाय गेले. खाट मागच्या खिडकीशी टाकली होती, वारा येतो म्हणून. एक दिवस म्हणाली, “खाट फिरवा. ते बगत मरायचं नाय मला.” मी फिरवली. मग ती रस्त्याकडे बघत गेली.

बायकोच्या वर्षाच्या मिस्सेला मुलगी आली. लोक जेवून गेल्यावर मी तिला म्हटलं, तुझा तो नकाशा दे मला, आईचं बावखल भिंतीला लावतो. ती भांडी आवरत होती. म्हणाली, कुठला नकाशा? पहिल्यात तू काढू दिलं नाहीस, दुसऱ्यासाठी मोजायला ठेवलं नाहीस. सात-बाऱ्यावर ते कधी नव्हतंच. आईचं बावखल कुठल्याच कागदावर नाही.

मग तिने विचारलं, कामावर परक्या म्हाताऱ्यांना विचारत असेल तशा आवाजात, “पायऱ्या किती होत्या?”

मी नऊ म्हटलं. मग अकरा म्हटलं. मी कधी खाली उतरायचो नाही, पंप वरच होता. आणि बायकोने पुण्याहून येऊन आकडा सांगितला, तेव्हा माझा कान मागच्या दाराकडे होता.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “आईने माझ्यासमोर सांगितलंय. तुला नाही सांगणार.”

आणि स्वतःच्या जेवणासाठी केळीचं पान कापायला मागे गेली.

त्याला सहा महिने झाले. तेव्हापासून रोज सकाळी मी पहार आणि घमेलं घेऊन मागे जातो. आधी एरंड तोडला. मग चाळींच्या भिंती निघाल्या, चौकटी, त्या निळ्या टाइल्स. एक घमेलं भरलं की दम लागतो, बसतो, परत उठतो. वरची पायरी लागायला चार महिने गेले. आता तीन मोकळ्या झाल्यात, काल चौथीचा कोपरा दिसला. शेजारीण बांधावरून विचारते, आता कुणासाठी रे हे? तीही त्याच पायऱ्यांवर बसायची माझ्या बायकोबरोबर, तिला आकडा माहीत असणार. विचारला तर सांगेल.

मी विचारत नाही. खणतो.